जेव्ही-१०८० घ्यावा का? आणि पीएवर (हॉलच्या स्पीकरवर) मॉड्यूलचा आवाज मेल्यासारखा का येतो?

काळीपाच:
मंडळी, मिरजेजवळ राहतो. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. सध्या यामाहाचा पीएसआर-आय५०० आहे. पेटी, तबला वगैरे त्याच्यावर चालून जातं, पण स्ट्रिंग्ज आणि पियानोला जीव नाही. पुण्यात एकाचा घरचा स्टुडिओ मोडतोय, तो रोलंड जेव्ही-१०८० मॉड्यूल (पट्ट्या नसलेला, कीबोर्डला जोडून वाजवायचा आवाजांचा डबा) बावीस हजारांना देतोय. दुसरीकडे रोलंडचंच साउंड कॅनव्हास एससी-५५ एमके टू मॉड्यूल नऊ हजारांत आहे.

परवा एका रिसेप्शनला मित्राचा कीबोर्ड आणि त्याचाच जेव्ही वाजवून बघितला. घरी हेडफोनवर अंगावर काटा आला होता. हॉलमध्ये मात्र पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखा आवाज, वर सतत घूंऽऽ. साउंडवाला म्हणाला, यंत्रच जुनं आहे. लॅपटॉप घेऊन मोकळा होऊ का?

रविवारचा_रियाज:
लॅपटॉप घ्याच. चांगला ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी डबी) आणि १२८ सॅम्पलचा छोटा बफर ठेवलात तर पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर जाणवत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या डब्यात पैसे कशाला घालताय?

जुना_कीबोर्डवाला:
लॅपटॉपला माझा विरोध नाही. पण भर मे महिन्यात, जनरेटरवर, वऱ्हाड जेवून परत येईपर्यंत तो अपडेट मागायला लागला की मग बोलू.

काळीपाच, जेव्हीचा विचार नंतर. आधी कीबोर्ड उलटा करून मागे बघा. पाच पिनांचं गोल मिडी आउट आहे का? (मिडी म्हणजे कोणती पट्टी दाबली हे मॉड्यूलला सांगणारे संदेश, आवाज नव्हे.) तुमच्या आय५००ला ते नाही, फक्त यूएसबी आहे. ती यूएसबी कॉम्प्युटरला जोडण्यासाठी. बाजारातली स्वस्त यूएसबी-मिडी केबलही कॉम्प्युटरच शोधत असते. दोन्ही पाहुणे, यजमान कोणीच नाही, त्यामुळे एकमेकांना जोडून काही होत नाही. मध्ये यजमानाचं काम करणारी यूएसबी मिडी होस्टची डबी लागेल. तिचे पैसे आजच हिशेबात धरा.

आता आवाज. जेव्ही-१०८० हा १९९४चा, ६४ व्हॉइसेसचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ६४ आवाज. आवाजात आजही हार जात नाही, पण दोन ठिकाणी फसवतो. पॅच मोडमध्ये एकच पॅच (एक तयार वाद्याचा आवाज) त्याच्या स्वतःच्या इफेक्टसह वाजतो, म्हणून हेडफोनवर काटा येतो. परफॉर्मन्स मोडमध्ये सोळा पार्ट मिळतात, म्हणजे सोळा पॅच एकत्र, पण ईएफएक्स (तो खास इफेक्ट) सगळ्यांत मिळून एकच. तुम्ही हॉलमध्ये स्प्लिट करून (डाव्या-उजव्या हाताला वेगळे आवाज लावून) वाजवलं असणार, म्हणजे परफॉर्मन्स. तिथे ईएफएक्सचा सोर्स ज्या पार्टचा आवाज महत्त्वाचा त्या पार्टवर ठेवा आणि त्या पार्टचं आउटपुट असाइन ‘पॅच’ करा. मेलेला आवाज निम्मा तिथेच उठून बसतो.

दुसरी फसवणूक व्हॉइसेसची. एका पॅचमध्ये चारपर्यंत टोन (एकावर एक रचलेले आवाज) असतात, आणि प्रत्येक टोन एक व्हॉइस खातो. चारही चालू असले की ६४चे १६ स्वर होतात. त्यात पेडल दाबून धरलं की पहिले स्वर गुपचूप तुटतात आणि लोक म्हणतात वाजवणारा कच्चा.

घूंऽऽ मिडी केबलमधून येत नाही. मिडी इनला आत ऑप्टो-आयसोलेटर असतो, तिथे तारांचा थेट संबंधच तुटतो. हा हम ऑडिओच्या वायरीतून, अर्थिंगच्या वेटोळ्यातून येतो. डीआय बॉक्स (मॉड्यूल आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी) घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. अर्थची पिन मोडून हम घालवणारे महाभाग आपल्याकडे स्टेजवर गल्लोगल्ली भेटतात. त्यांचं ऐकू नका, जीव जातो.

मॉड्यूलची व्हॉल्यूम नॉब बऱ्यापैकी वर ठेवा आणि मिक्सरचा गेन खाली घ्यायला सांगा. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. नॉब कमी, गेन फुल, आणि मग नुसतं सूंऽऽ. साउंडवाला एकच चॅनेल देणार असेल तर फक्त ‘एल मोनो’मध्ये जॅक लावा. दोन्ही लावून त्याने एकच उचलला तर अर्धा पियानो वायरीतच राहतो. पत्र्याचं छत असलेल्या मंगल कार्यालयात मॉड्यूलचा रिव्हर्ब जवळपास शून्य करा, हॉल स्वतःच तेवढा देतो.

एससी-५५ एमके टू मिडी फाइल वाजवायला गोड आहे. पण २८ व्हॉइसेस आणि पातळ पियानो, तुमची तक्रार त्याने मिटणार नाही.

घेताना जेव्हीच्या मागचा व्होल्टेजचा शिक्का वाचा. परदेशातून आलेले पीस १०० किंवा ११७ व्होल्टचेही असतात. मी माझा पहिला पीस आनंदाच्या भरात थेट भिंतीत खुपसला होता. पाऊण मिनिट वाजला. तेवढ्यात ऐकलेल्या स्ट्रिंग्ज अजून आठवतात.

काळीपाच:
दादा, हात जोडले. मागे बघितलं, गोल छिद्र नाहीच. आणि मित्राकडे जाऊन ईएफएक्स सोर्स पार्ट १ वर घेतला. स्ट्रिंग्ज उघडल्या! पुण्यातल्या पीसवर २३० लिहिलंय, फोटो मागवला. आमच्या ऑक्टापॅडवाल्याला एसपीडी-२० त्याच मॉड्यूलमध्ये घालायचा आहे, वाय केबलने होईल का?

जुना_कीबोर्डवाला:
नाही. मिडीचे दोन आउट वायरी पिळून एक करता येत नाहीत, संदेश एकमेकांत मिसळून कचरा होतो. दोन्हींचे संदेश नीट एकत्र करणारा मर्ज बॉक्स लागतो. ऑक्टापॅडला मिडी चॅनेल १० वर ठेवा, जेव्हीचा पार्ट १० ऱ्हिदमचाच आहे. पण माझं ऐकाल तर त्याला त्याच्या स्वतःच्या आवाजात मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर सोडा. लावणीला तो रोल भरायला लागला की तुमच्या ६४ व्हॉइसेस सगळ्या तोच खाणार.

आणि एक राहिलंच. तुमच्या पेटीवाल्याची पेटी ४४० हर्ट्झला (कीबोर्डच्या नेहमीच्या सुराला) बरोबर आहे का बघा. नसेल तर जेव्हीचा मास्टर ट्यून (सगळ्या आवाजांचा सूर) तिच्याकडे न्या, ४२७.४ ते ४५२.६पर्यंत सरकतो. पेटी काही तुमच्याकडे यायची नाही.

रविवारचा_रियाज:
मे महिन्यातल्या अपडेटचा टोमणा पोचला. गेल्या वर्षी हळदीला झालंय माझं.