हिरव्या थराखाली पाणवनस्पती मरतायत, सावलीमुळे की विषामुळे?

तळेकाठ: तळ्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखा हिरवा थर आलाय, वास पण येतो. खालची हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया (पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती) पिवळी पडून सडतेय, पण जलपर्णी एकदम मजेत. असं का? आणि थर मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकलं तर चालेल का?

पाणगवत: बहुतेक सायनोबॅक्टेरिया आहे, म्हणजे नीलहरित शैवाल. मायक्रोसिस्टिससारख्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात त्यामुळे ते वर येऊन तरंगतं आणि खाली उजेडच पोचत नाही. जलपर्णीची पानं पाण्याच्या वर, तिला काय फरक पडणार! शिवाय दिवसा हे शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच ९ च्या वर जातो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होतं. कार्बन डायऑक्साइड नसला तरी हायड्रिला, व्हॅलिसनेरिया पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटवर भागवू शकतात पण त्यालाही उजेड लागतोच ना. विषाचं म्हणाल तर या शैवालाचं विष, मायक्रोसिस्टिन, प्रोटीन फॉस्फटेज १ आणि २ए ही एन्झाइम्स बंद पाडतं, ती आपल्या यकृतात असतात तशीच वनस्पतीतही असतात, आणि प्रयोगात पाणवनस्पतींची वाढ आणि प्रकाशसंश्लेषण मंदावलेलं दिसलंय. पण शैवाल जिवंत असेपर्यंत हे विष बरंचसं त्याच्या पेशीतच राहतं, म्हणून माझ्या मते आधी सावली मारते, विष मागून येतं.

गाळवाला: म्हणूनच मोरचूद अजिबात नको!! पेशी फुटल्या की सगळं विष एकदम पाण्यात, मेलेलं शैवाल सडताना ऑक्सिजन संपतो ते वेगळंच. आणि तांबं उरल्यासुरल्या वनस्पतींनाही बाधतं.

तळेकाठ: मग उरलेल्या वनस्पती काढून टाकू का, तशाही मरणारच आहेत

पाणगवत: सडलेल्या काढा, जिवंत राहू द्या. त्या गाळ धरून ठेवतात, आणि मिरिओफायलमसारख्या काही तर शैवालाची वाढ रोखणारी पॉलिफेनॉल्स नावाची रसायनं पाण्यात सोडतात. सगळ्या गेल्या की गाळ ढवळतो, पाणी गढूळ होतं आणि मग शैवालाला पोसणारं फॉस्फरस नुसतं थोडं कमी करून तळं परत नितळ होत नाही, उथळ तळी अशीच गढूळपणात अडकून बसतात. तरी बाहेरून येणारं सांडपाणी आणि खताचं पाणी आधी बंद करा, त्याशिवाय बाकी सगळं वरवरचं.

गाळवाला: आणि काढलेलं गवत जनावरांना घालू नका, वनस्पतीतही विष साठतं. ते पाणीही पाजू नका, मायक्रोसिस्टिन उकळून जात नाही.