गोव्यात डोंगर चढायला स्वतःची गाडी लागतेच का?

घाटवाट
दोन दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय: "गोव्यात डोंगरवाटा करायच्या तर भाड्याची स्कूटर घ्या. कदंबच्या (गोव्याची सरकारी बस) भरवशावर जंगलात गेलात तर रात्र तिथेच काढाल." वाचून गप्प बसवेना. चुकते ती आखणी, आणि बोल लागतो बसला. लोक बसने जातात, पण वाट स्कूटरवाल्यासारखी आखतात: इथून वर, पुन्हा इथेच खाली. बसने जाणाऱ्याने आधी परतीची गाडी बघायची, मग वाट ठरवायची. जिथे दिवसाला मोजक्या गाड्या, तिथे सकाळी बसने पोचायचं आणि ज्या रस्त्याला गाड्यांची रीघ असते तिकडे चालत यायचं. मग संध्याकाळी एक चुकली तरी मागून दुसरी येते.

दिवाडी बेट घ्या. बहुतेक जण जुन्या गोव्याहून सुरुवात करतात आणि उन्हं कलताना बेटापलीकडच्या नार्व्याला गाडीची वाट बघत बसतात. उलटं करा. सकाळी डिचोली स्टँडवरून नार्वे गाठा. सप्तकोटेश्वराचं देऊळ बघा; शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला, तो लेख दारावर आहे. मग फेरीबोटीने दिवाडीत. पायी माणसाला तिकीट नाही. खाजनांच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतांच्या, कडेने पियेदादच्या टेकडीवर चढा, दुसऱ्या अंगाने जुन्या गोव्याकडच्या धक्क्यावर उतरा, पुन्हा फेरी. व्हाइसरॉयच्या कमानीतून वर आलात की गांधी सर्कलला पणजी-फोंडा गाड्या एकामागून एक.

पारोड्याचा चंद्रनाथ डोंगरही बसने होतो. मडगाव-केपे गाडीने पारोड्याला उतरायचं, साधारण साडेतीनशे मीटर उंची, आधी डांबरी वळणं आणि शेवटी दगडी पायऱ्या. एकच खबरदारी: मुसळधार पावसात पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो आणि गाड्या दुसरीकडून वळवतात. तेव्हा तिकडे फिरकू नये.

सत्तरीची लेक
दिवाडी हा फेरफटका झाला हो, डोंगरवाट नव्हे. चंद्रनाथला तर अर्धी वाट डांबरी. खरा डोंगर आमच्याकडे, सत्तरी तालुक्यात: वाघेरी, सुर्ला, चरावणे, हिवरे. आणि तिथल्या गाड्या शाळेच्या वेळा बघून सोडलेल्या असतात, तुमची भटकंती बघून नाही. सकाळी मुलांना घेऊन वाळपईला येते, दुपारी सोडायला जाते, संध्याकाळी वस्तीची गाडी गावात मुक्कामाला. वस्तीची गाडी रात्री परत फिरत नाही, सकाळीच सुटते. म्हणजे गाडी असते, पण तुमच्या उलट्या दिशेची. रविवारी शाळा नाही तर अर्ध्या खाजगी बसही नाहीत. स्कूटरचा सल्ला देणाऱ्याला इतकं झोडपायचं कारण नाही.

घाटवाट
शाळेच्या वेळांचं म्हणणं मान्य. पण त्यावर उत्तर आहे: रविवार सोडा, शनिवारी जा. निघताना ड्रायव्हरलाच विचारा, "हीच गाडी परत कितीला सुटते?" वेळापत्रकाच्या पाटीपेक्षा तो जे सांगेल ते खरं. आणि चोर्ला घाटामार्गे बेळगावला जाणाऱ्या गाड्या विसरू नका. फक्त तिकीट काढण्याआधी कंडक्टरला थांब्याचं नाव सांगा. घाटात मध्येच उतरवतीलच असं नाही. केरीला उतरलात तर अंजुणे धरण समोर आणि घाट डोक्यावर.

पिवळा मडगार्ड
बस आणि स्कूटर यांच्यामधला माणूस कुणी धरलाच नाही. पायलट, म्हणजे मोटारसायकलवर मागे बसवून भाड्याने नेणारा! वाळपई, सांखळी, काणकोणची चावडी, कुठल्याही बाजारात पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली उभ्या असतात. शेवटचे पाच-सात किलोमीटर त्याच्यामागे बसून जायचं. भाडं बसण्याआधी ठरवा, दोन्ही फेऱ्यांचं मिळून, आणि परतीची वेळ नक्की करा. आत रेंज नसते, तिथून फोन लागणार नाही. अर्धे पैसे परतल्यावर द्या. सांखळीहून हरवळ्याच्या धबधब्याला मात्र पायलटही नको, चालत जा.

सडा
वेळापत्रकाचा काथ्याकूट सोडा, ऋतू बघा. पावसात जांभ्यावर हिरवं शेवाळ धरतं, बुटाचा तळ कसलाही असो, घसरतोच. व्हाळांचं, म्हणजे ओढ्यांचं, पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाने वाढतं, खाली ऊन असलं तरी. २०२३ च्या जुलैत मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे बंद केले. म्हणून साधा नियम: डिसेंबर ते मे जा. वाटा कोरड्या, जळवा नाहीत, भीती नाही.

सत्तरीची लेक
"भीती नाही" हे शब्द मागे घ्या. सत्तरीत डिसेंबर ते मे हाच माकडतापाचा मोसम आहे. २०१५ मध्ये पालीत साथ आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर, काजू गोळा करायच्या दिवसांत. पावसातल्या जळवेने रक्त जातं, ताप येत नाही. कोरड्या पाल्यातली गोचीड रोग देते. तिची पिल्लं तिळाहून लहान, अंगावर चढलेली कळत नाहीत. आणि तुम्ही लोकांना नेमकं त्याच दिवसांत या म्हणून बोलावताय, तेही सगळ्यांना "नियम" म्हणून!

सडा
ओरडायची गरज नाही. माकडताप सगळ्या गोव्यात नाही. मी काणकोण-सांग्याचा विचार करून लिहिलं.

सत्तरीची लेक
मग तसं लिहायचं होतं. वर वाचणारा वाळपईचीच गाडी पकडणार आहे.

काजूची बी
दोघांनी थोडं थांबा, वाचणाऱ्याच्या कामाचं सांगते. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली. फिकट रंगाचे कपडे, म्हणजे गोचीड दिसते. कीटकांना दूर ठेवणारं मलम मोज्यांच्या काठावर आणि मानेला. काजूच्या झाडाखाली पाला दाट असतो, सावली बघून तिथेच बसायचा मोह होतो. बसायचं तर उघड्या खडकावर. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं. परतीच्या बसमध्ये बसण्याआधी एकमेकांचे गुडघ्यामागचे, काखेतले, कमरेच्या पट्ट्याखालचे भाग तपासायचे. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, रॉकेल, जळती काडी लावायची नाही, बोटांनी चिरडायची तर मुळीच नाही. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात. आठवड्याभरात अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना आधी सांगायचं की सत्तरीच्या जंगलात गेलो होतो. नाहीतर डेंग्यूच्या तपासण्यांत दिवस जातात. या तापावर खास औषध नाही आणि जुनी लस आता देत नाहीत, त्यामुळे लवकर ओळखणं हाच उपाय.

सडा
ठीक आहे. "भीती नाही" चुकलं, मागे घेतो. पण मग जायचं कधी? पावसात व्हाळ, उन्हाळ्यात गोचीड.

सत्तरीची लेक
ऑक्टोबर-नोव्हेंबर. व्हाळ उतरलेले असतात, पाला अजून ओला असतो, दिवसही फार लहान नसतो. त्यानंतर मी बाहेरच्यांना चरावण्याला बोलावणार नाही. आणि म्हादई अभयारण्यात पाऊल टाकण्याआधी वाळपईच्या वन कार्यालयात विचारा. परवानगीला वेळ लागला की सकाळची गाडी हातची जाते, म्हणून आदल्या दिवशीच.

घाटवाट
काणकोणचं नाव निघालंच आहे म्हणून: मडगाव-कारवार गाड्या चावडी आणि पैंगीणच्या बाजूने जातात. खोतीगाव अभयारण्याचं दार महामार्गापासून चालण्याच्या अंतरावर आहे. मडगाव-पणजी विनाथांबा शटलमध्ये मात्र मधल्या गावासाठी चढू नका, ती थांबणार नाही.

स्कूटरवाला
मूळ मजकूर माझा. सगळं वाचलं. नार्वे-दिवाडी, चंद्रनाथ, हरवळे, खोतीगाव या चार ठिकाणी बस पुरते, तशी दुरुस्ती करतो. सुर्ल्याबद्दल माझं म्हणणं तेच. तिथून संध्याकाळी बसने परतायची खात्री इथे कुणीच दिलेली नाही.

घाटवाट
सुर्ल्याची खात्री मीही देत नाही. पण दुरुस्ती करताना "रात्र तिथेच काढाल" हे वाक्यही काढा.

स्कूटरवाला
ते सुर्ल्यापुरतं ठेवतो.