ढगात पायलट चकला, तर दोष कोणाचा?

घाटकर: बेळगावच्या सांबरा विमानतळाकडं आज दुपारी ट्रेनिंगची छोटी विमानं घिरट्या घालत होती, वर भरून आलेलं आभाळ. त्यावरनं कट्ट्यावर वाद पेटला, तो इथं टाकतोय. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावतांचं हेलिकॉप्टर पडलं. जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला: हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटला दिशाभ्रम झाला. यंत्रात बिघाड नाही, निष्काळजीपणा नाही. आणि डिसेंबर २०२४ च्या संसदीय समितीच्या अहवालात कारण काय? मानवी चूक! कानानं दगा दिला आणि खापर मेलेल्या माणसावर. मला पटत नाही.

माजी एअरमन: घाटकर, भावनेत वाहायलात तुम्ही. कान दगा देतोच, सगळ्यांचा देतो. विमान हळूहळू एकाच बाजूला वळत राहिलं, की वीसेक सेकंदांत आतल्या कानातलं पाणी स्थिर होतं आणि आपण सरळ चाललोय असं वाटतं. मग समोरच्या यंत्रांचे काटे बघून सरळ केलं, की उलटंच वळल्याचा भास! पायलट परत पहिल्या वळणात जातो. उंची घटतेय म्हणून दांडी ओढतो, गिरकी आणखी आवळते. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं वीस जणांना तपासलं, ज्यांना फक्त काट्यांवर उडवायचं शिक्षण नव्हतं असे. विसाच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. म्हणून मी म्हणतो, भ्रम ही चूक नव्हे, ढगात शिरणं ही चूक.

घाटकर: आणि शिकलेला असला तर? अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट ज्या हेलिकॉप्टर अपघातात गेला, त्याचा पायलट आठवा, २६ जानेवारी २०२०. आठ हजारांवर तास उडवलेले, काट्यांचं लायसन्सही होतं. जमिनीवरच्या कंट्रोलरला सांगतोय वर चढतोय, आणि हेलिकॉप्टर खाली चाललेलं.

माजी एअरमन: त्याच्या कंपनीला ढगात उडायची परवानगीच नव्हती की ओ! तरी शिरला. तपासात आलंय, मोठ्या गिऱ्हाइकाला पोचवायचंच हा दबाव त्यानं स्वतःच स्वतःवर घेतला होता.

टिळकवाडीची मावशी: मग दोष दबावाचा म्हणा ना. चोर्ला घाटात धुकं दाटलं की आपण कणकुंबीला चहा पीत बसतो, कोण विचारतंय? मागं साहेब बसलेला असला तर ड्रायव्हर थांबेल का?

माजी एअरमन: मावशी, थांबायला पाहिजे. आणि घाटात गाडी कडेला तरी लावता येते. हवेत कड कुठली?

घाटकर: म्हणूनच मेलेल्याला चूक म्हणू नका. साहेबालाही चौकशीत बसवा.

टिळकवाडीची मावशी: माझा भाचा विमान शिकतोय. ढगांमुळं तीन दिवस उड्डाण नाही, फी भरून बसलोय म्हणून धुसफुसायलाय. मास्तर ऐकत नाहीत. आजही कॅरम खेळतोय.