अनुभव धागा: हप्ते थकलेली, बँकेने ओढून आणलेली गाडी लिलावात घेताना

ज्यांनी अशा गाड्या घेतल्या, दुरुस्त केल्या किंवा नावावर करून दिल्या, त्यांनी लिहावं. ‘मामांनी घेतली, मस्त निघाली’ असल्या कथा नकोत. फॉर्म, पार्ट आणि आकडे सांगा.

फाईलवाला

इंजिन नंतर, आधी कागद. बँकेला पहिला प्रश्न विचारा: मूळ मालकाची फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे फॉर्म) सही आहे का? असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि एनओसी (ना-हरकत पत्र) जोडली की एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरते, गाडी थेट तुमच्या नावावर होते. मालक आरसी देत नसेल किंवा फरार असेल तर फॉर्म ३६ लागतो. त्यात आरटीओ जुन्या मालकाला फॉर्म ३७ ची नोटीस काढतं, मग नवी आरसी फायनान्सरच्या (कर्ज देणाऱ्या बँकेच्या) नावे निघते, आणि मग फायनान्सर २९-३० वर सही करून ती तुमच्याकडे देतो. म्हणजे एका गाडीच्या दोन ट्रान्सफर. मालकाने हरकत घेतली की फाईल तिथेच अडकते. तोवर तुमचे पैसे बँकेत आणि गाडी तुमच्या दारात, नाव मात्र त्याचं.

काही एजंट फॉर्म ३२ पुढे करतात. तो केंद्र किंवा राज्य सरकारच्या जाहीर लिलावासाठी आहे, बँकेच्या नाही.

आरसीवर ज्या बँकेची एचपी आहे तिचं नावही नीट वाचा. जुन्या आरसीवर देना बँक किंवा विजया बँक दिसली तर त्या १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आहेत, त्यामुळे फॉर्म ३५ वर सही-शिक्का बडोद्याचा लागणार.

बोलीआधी मागायची कागदपत्रं: गाडी उचलण्याआधी आणि नंतर पोलीस ठाण्याला दिलेली पत्रं, कर्जदाराला पाठवलेली विक्रीपूर्व नोटीस, आणि गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीची यादी. यादीत किलोमीटर, टायर, स्टेपनी, म्युझिक सिस्टीम, किल्ल्या सगळं लिहिलेलं असतं. यार्डातल्या गाडीशी ती पडताळली की मधल्या काळात काय ‘गळालं’ ते कळतं.

बोलीबहाद्दर

‘जशी आहे, जिथे आहे’ ही अट म्हणजे नंतर तक्रार नाही. सर्वात मोठी बोली तुमची असली तरी बँकेची मंजुरी येईपर्यंत गाडी तुमची नाही. मंजुरीनंतर पैसे भरायला ठरावीक दिवस असतात. चुकलात तर अनामत जप्त. पैसे फक्त बँकेच्या खात्यावर, एजंटच्या नाही. यार्डाचं आतापर्यंतचं पार्किंग भाडं कोण भरणार, हे लेखी घ्या. बोली १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने तुमच्याकडून वसूल करायचा आयकर) लागतो. तो आयकर विवरणात परत मिळवता येतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच.

ऑइल फिल्टर

यार्डात गाडी चालवू देत नाहीत, फार तर स्टार्ट करून दाखवतात. तेवढ्यात पाहायचं ते असं. ज्याचे हप्ते थकले त्याने सर्व्हिसिंगही थकवलेलंच असतं. ऑइल कॅप उघडा. आत ताकासारखा पांढरट थर असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतोय, हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) गेल्याचा संशय धरा. (फक्त ओलाव्यानेही थोडा थर येतो, म्हणून डिपस्टिकही पाहा.) स्वतःचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) न्या. कोड एकही नाही आणि मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या चाचण्या) ‘नॉट रेडी’ असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात, ब्रेकचे कॅलिपर जाम होतात, हँडब्रेकची केबल सुटत नाही, आणि बॉनेटखाली उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असतं. पेट्रोल गाडी सुरू करण्याआधी जुनं पेट्रोल काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दहा सेकंद सेल्फ मारा, म्हणजे आधी ऑइल वर चढतं. डिझेलमध्ये फिल्टरमधलं पाणी काढा. ऑइल लगेच बदला आणि हजारेक किलोमीटरला पुन्हा.

दुसरी किल्ली नसेल तर इमोबिलायझरचं (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) प्रोग्रॅमिंग धरून काही हजार बाजूला ठेवा. ही गोष्ट लोक हमखास विसरतात.

कृष्णाकाठी

एमएच-०९, एमएच-१० आणि एमएच-०८ च्या गाड्यांत २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर मनात ठेवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. स्टेपनीचा खड्डा, सीटचे रूळ, गालिच्याखालचे कनेक्टर बघा. हिरवट गंज दिसला तर बोली लावू नका, कितीही स्वस्त असो.

नंबरप्लेट

१ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) नसेल तर ट्रान्सफर अडतं. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. वाहन पोर्टलवर (आरटीओच्या कामांची सरकारी वेबसाइट) मोबाईल नंबर जुन्या मालकाचाच असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो. नंबर बदलायचं काम बँकेकडून लेखी ठरवून घ्या. ई-चलनही आधीच तपासा.

टोचनबंदी

विमा बहुधा संपलेला असतो. निदान थर्ड पार्टी काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. चालू असेल तर १४ दिवसांत स्वतःच्या नावे करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आणि ऑटोमॅटिक गाडी टोचन करून नेऊ नका, चाकं जमिनीवर फिरली की गिअरबॉक्स बसतो. फ्लॅटबेडच बोलवा.