अनुभव धागा: वणव्याच्या दिवसांत परसातली आग, फटाके... तुम्ही कळवलंत का? पुढं काय झालं?

फेब्रुवारी संपत आलाय म्हणून हा धागा काढतोय. आता वळीव पडेपर्यंत खानापूर, बेळगाव, चंदगड सगळीकडं गवत असं वाळलेलं असतं की पेटती विडी टाकली तरी डोंगर पेटतो, आणि त्यातच परसात पाला जाळणारे, बांध पेटवणारे, वरातीत आणि यात्रेत रॉकेट सोडणारे. कुणीतरी कळवायला पाहिजे हे सगळ्यांनाच पटतं पण शेजाऱ्याशी वाकडं कोण घेणार इथं सगळं अडतं. तुम्ही फोन केला असेल तर कुणाला केला, कोण आलं, शेजारी नंतर बोलला का, सगळं लिहा. केला नसेल तर का नाही केला तेही लिहा. माणसांची आणि ऑफिसांची नावं नकोत, गावाचं चालेल.

पहिला माझाच. जांबोटीकडं आमची काजूची बाग आहे, बांधापलीकडं चुलतभावाची. दोन वर्षांमागं मार्चमध्ये त्यानं सकाळी साडेदहाला झाडांखालचा पाला गोळा करून पेटवला, मी धूर बघितला, फोनमध्ये वनखात्याचा 1926 सेव्ह होता, तरी भावकीत कशाला म्हणून गप्प बसलो. अकराच्या पुढं वारं सुटतं हे इथल्या पोरालाही माहीत आहे. तो जेवायला घरात गेला आणि आग बांध ओलांडून आमच्यात आली, मोहोरातली बावीस झाडं गेली. संध्याकाळी राख तुडवत फिरताना एका खळग्यात टिटवीची चार अंडी दिसली, काळी पडून तडकलेली, आणि टिटवी वर घिरट्या घालत ओरडत होती. झाडं परत लावली, पण तो आवाज अजून कानात आहे.

कणकुंबीची ताई
दादा, वाचून गलबललं. आमच्याकडं 2023 च्या मार्चपासून लोक जरा जागे झालेत, त्यावेळी पलीकडं गोव्यात म्हादई अभयारण्यात वणवे लागले होते आणि एअरफोर्सची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या घरामागच्या उतारावर रात्री आठला लाल रेघ दिसली. 1926 लावला, समोरून कन्नड, माझं कन्नड बाजारापुरतं. सासूबाईंनी शेजारून सांगितलं तसं म्हटलं, "काडिगे बेंकी बिद्दिदे," म्हणजे रानाला आग लागलीय. पुढं "एल्ली?" म्हणजे कुठं, असं विचारल्यावर मी घाबरून घराचा पत्ता सांगायला लागले, त्याचा त्यांना काय उपयोग? मग ओढ्याचं आणि देवराईचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी इथल्या फॉरेस्ट गार्डला जोडून दिलं आणि तो मराठीतच म्हणाला, "कळालं वहिनी, देवराईच्या वरची बाजू ना?" पाऊण तासात चार माणसं आली. तेव्हापासून ते एक वाक्य फ्रीजवर चिकटवून ठेवलंय. मराठीत बोलला तरी ऐकून घेतात, पण घाईच्या वेळी एवढं तोंडात असलेलं बरं.

येळ्ळूरचा उसवाला
माझी तक्रार पाचटाबद्दल. तोडणी झाली की पाचट पेटवायचं ही सवय जात नाही, आणि शेजारचा ऊस उभा असतो त्याचं कुणाला काय नाही. आमचा दीड एकर असाच गेला. जळीत ऊस लगेच तोडून गाळपाला गेला नाही तर वजन घटतं, वर जळीत म्हणून पैसे कापतात, आणि ऊसतोडीची टोळी मिळेपर्यंत शेतकरी नुसता पळत असतो. मी अग्निशमनचा 101 लावला, बंब निघाला पण गावाच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या उभ्या, त्यात अर्धा तास गेला. म्हणून सांगतो, एकानं फोन करायचा आणि दुसऱ्यानं मोटरसायकल घेऊन मेन रोडला थांबायचं, बंबाला आत घेऊन यायचं. उसावरून तार गेली असेल तर वीजखात्याच्या 1912 ला कळवून लाईन बंद करून घ्या, मगच पाणी मारा. ज्यानं पेटवलं तो सख्खा शेजारी, आजही बोलतो आमच्याशी, पण भरपाईचं नाव काढत नाही. यंदा मी त्याला माझाच कुट्टी मशीनवाला पाठवला, पाचट सरीतच बारीक करून कुजवलं. पुढच्या वर्षी स्वतःहून बोलवेल असं वाटतंय.

अनगोळ
आमचा शहरातला त्रास. घरामागं रिकामा प्लॉट, तिथं रोज संध्याकाळी कचरा, प्लास्टिक, कधी टायरसुद्धा जाळायचे. मुलाला दमा आहे, खिडक्या लावून बसायचो. मी पोलिसांना 112 वर कळवलं, नाव सांगू नका म्हणून बजावलं, आणि गाडी येऊन थेट आमच्या गेटसमोर थांबून मोठ्यानं विचारलं, "कम्प्लेंट कुणी केली?" सगळी गल्ली बाहेर. त्या दिवसापासून समोरचं घर बोलायचं बंद आहे, हळदीकुंकवाला बोलावणं नाही. वाईट वाटतं, पण जाळणं थांबलं हेही खरं. उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली आणि त्याच वर्षी हरित लवादानं साध्या प्रकाराला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर 25,000 रुपये दंड सांगितलाय, हे लोकांना माहीतच नसतं. दंडाचा आकडा आधी गोडीत सांगून बघायला पाहिजे होतं असं आता वाटतं.

एक वाचक
मी फोन केला नव्हता, कारण रॉकेट आमच्याच पोरांनी सोडलं होतं. गावची यात्रा, एप्रिल, रात्री अकरा वाजलेले. रॉकेट तिरकं होऊन पिंजराच्या गंजीत घुसलं. शेजारची म्हातारी ओरडत आली, "अरे पेटूलालंय, पेटूलालंय!" तोवर गंजी भडकली होती. म्हशीचं दावं कुणीतरी कोयत्यानं तोडलं म्हणून ती वाचली, पाठीवर मात्र भाजली. वर्षाची वैरण एका रात्रीत राख. वर्गणी काढून पिंजर घेऊन दिलं पण त्या घरच्यांच्या डोळ्याला डोळा द्यायला जड जातं. दहानंतर फटाके वाजवायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, कमिटीलासुद्धा.

पूर्वी फायर वॉचर होतो, नागरगाळी साईड
वनखात्यासाठी वणव्यावर लक्ष ठेवायचं आणि विझवायचं काम तीन सीझन केलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लोकांना वाटतं सॅटेलाईटवर सगळं दिसतं. भारतीय वन सर्वेक्षणाचा एसएमएस येतो हे खरं, पण सॅटेलाईट दिवसातनं मोजक्याच वेळा वरनं जातो आणि त्याचा एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन. परसातली आग त्यात येतच नाही, आणि येईल इतकी मोठी होते तेव्हा आमच्या हातात काय राहात नाही. तुमचा फोन म्हणूनच महत्त्वाचा. फोनवर चार गोष्टी सांगा: गाव, डोंगराची कुठली बाजू, आग वर चढतेय की खाली उतरतेय, आणि गाडी कुठपर्यंत येते. चढावर आग पळते, उतारावर हळू येते, त्यावर माणसं कुठनं घुसवायची ते ठरतं.

विझवायचं म्हणजे आमच्याकडं काय, ओल्या डहाळ्या आणि ब्लोअर. ब्लोअरनं पाला बाजूला फेकून पट्टा मोकळा करायचा, डहाळीनं कडेची आग झोडपायची, तीही कडेनंच, समोरनं कधी नाही. एकदा सकाळी सातला सुरू केलं ते दुपारी तीनला संपलं, चपलेचा तळ वितळून पायाला चिकटला होता. आणि आग कुणी लावली तर नवं गवत फुटावं म्हणून एका गुराख्यानं. अभयारण्यात आग लावणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यात कलम 30 खाली गुन्हा आहे, भीमगड अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्यांनी हे घरात सांगून ठेवावं. पण मी त्या गुराख्यावर नुसता राग धरू शकत नाही, त्याची गुरं उपाशी होती. आमचे आजोबा राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपासाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजायचे, तेव्हा आधी भोवतीनं हातभर रुंद माती उघडी करायचे, वारं पडल्यावर पेटवायचे, घागरी भरून ठेवायचे आणि राख गार होईपर्यंत उठायचे नाहीत. तेवढं जरी केलं तरी आमचे निम्मे फोन कमी झाले असते.

धागाकर्ता
काका, गुराख्याचं पटलं. भावाला मी आधी हाक मारायला पाहिजे होती, तो पेटवत होता तेव्हाच. एवढं जवळ असून दोघंही गप्प.

चंदगडची सून, माहेर उचगाव
सीमेचा एक अनुभव लिहिते, कुणी लिहिलेला दिसला नाही. आमचं घर महाराष्ट्रात, समोरचा डोंगर कर्नाटकात. आग बघून 112 लावला तो महाराष्ट्रातल्या कंट्रोल रूमला लागला, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले ही हद्द आमची नाही. पुढं कळवतो म्हणाले, पण कुणाला, कधी, काहीच कळलं नाही, आणि ती रेघ डोळ्यांदेखत खिंडीपर्यंत गेली. शेवटी उचगावला भावाला फोन केला, त्यानं तिकडनं लावला तेव्हा कर्नाटकात लागला. आता दोन्हीकडच्या गार्डचे नंबर कागदावर लिहून दाराच्या मागं लावलेत आणि फोन उचलल्या उचलल्या पहिलं वाक्य हेच बोलते: मी महाराष्ट्रातनं बोलतेय, आग कर्नाटकात आहे, आधी पलीकडं जोडून द्या.