नुसतं ऑटोट्यून नव्हे, ड्रमकडेही कान द्या

रॉक बँड पॉपकडे वळला की 'ऑटोट्यून (गायकाचा सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावलं की बँड पॉप झाला' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. बदल आधी गाण्याच्या मांडणीत होतो. चाळीस सेकंदांची गिटारची सुरुवात पाच-सातवर येते, ध्रुवपद पहिल्या मिनिटाच्या आत. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्याशिवाय प्ले मोजलाच जात नाही ना!

मग ड्रम. खरी वाट इथे लागते. ड्रमर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) तालाच्या 10-15 मिलिसेकंद मागे ठेवत असेल तर बँडचा सगळा डौल तिथेच असतो. प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर तालाच्या नेमक्या रेघांवर, म्हणजे ग्रिडवर, ओढला (यालाच क्वांटाइझ म्हणतात), वर सॅम्पल म्हणजे तयार रेकॉर्ड केलेला ठोका चढवला की वाजवणाऱ्याचा हातच पुसला जातो. गायक तोच, तरी गाणं परकं वाटतं. त्यात बास गिटार जुन्याच सवयीने रेंगाळत राहिला तर किकशी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी) जुळत नाही आणि खालच्या सुरांचा भाग गढूळ होतो. क्वांटाइझ करायचंच तर 50-60 टक्क्यांवर थांबावं आणि स्नेअरला हात लावू नये.

लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) दाबून आवाज वाढवणं तर निव्वळ वाया. उणे 8 लफ्सचं (लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप; उणे 8 म्हणजे उणे 14 पेक्षा मोठा) गाणं स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला उणे 14 वर आणतंच. हाती उरतो चपटा स्नेअर.

ओळख न पुसताही बदलता येतं: मेटॅलिका या हेवी मेटल बँडने 1991 च्या अल्बममध्ये गाणी आटोपशीर केली, पण रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ठसठशीत धून) सोडला नाही.