कुल्ह्यातून पायात उतरणारी कळ : तुम्हाला कशानं उतार पडला?

दिवाळीच्या आधी माळ्यावरून काढलेला चकल्यांचा डबा उचलायला वाकले आणि उजव्या कुल्ह्यात लख्खकन चमक निघाली. मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत. पुढचे कित्येक आठवडे जेवण उभ्यानं, ओट्याशी. बसलं की पाय पेटायचा, शिंक येतेय म्हटलं की आधी भिंत धरायची.

डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला. अर्ध्यावर जायच्या आतच मी ओरडले. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जातेय, म्हणजे सायटिका. ‘हालू नकोस’ हा सल्ला मात्र सोसायटीचा. पाच दिवस अंथरुणात काढले आणि जास्तच आखडले.

फरक पडला तो फिजिओथेरपीनं. पालथं झोपायचं, मग कोपरांवर यायचं, मग तळव्यांवर. दर दोन-तीन तासांनी दहा वेळा. चौथ्या दिवशी पावलातली आग गेली, पण कंबर भयंकर दुखायला लागली. मी रडकुंडीला आले. फिजिओथेरपिस्ट बाई खूश! म्हणाली, दुखणं पायातून वर सरकतंय, हेच हवंय; खाली उतरायला लागलं तर व्यायाम थांबवून मला फोन करा. ही पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांची. त्यांचा एक पेशंट चुकून डोक्याकडून उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि त्याचा पाय मोकळा झाला, त्यावरून हे सुचलं म्हणे. आठव्या आठवड्यात मी ताटावर बसून जेवले.

तुमचं काय झालं, लिहा. गोळ्यांची नावं आणि डोस नकोत, प्लीज.

रिकामाखिसा
माझा गुन्हेगार पाकीट. दहा वर्षं मागच्या खिशात, त्यावर बसून रोज दोन तास ड्रायव्हिंग. एमआरआयमध्ये गादी थोडी फुगलेली दिसली आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. पण तशी गादी काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या रिपोर्टातही सापडते. कुल्ह्यातल्या एका ठिकाणी बोटानं दाबलं की हुबेहूब तीच कळ पायात जायची. तिथला पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू आवळून नसेला त्रास देत होता. उताणं झोपून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर, मराठी चारच्या आकड्यासारखा नव्हे, इंग्रजी चारसारखा, आणि मांडी छातीकडे ओढायची. दीड महिना लागला. पाकीट आता बॅगेत.

आप्पांचीसून
धागाकर्तीचा पालथा व्यायाम सासऱ्यांना (वय 74) करायला लावला आणि त्यांचे पाय अजून भरून आले. त्यांचं दुखणंच वेगळं निघालं. शंभर पावलं चालले की दोन्ही पाय जड, कट्ट्यावर बसले की पाच मिनिटांत ठीक. मॉलमध्ये मात्र ट्रॉलीवर रेलून तासभर फिरायचे, आम्हाला वाटायचं नाटक आहे! मणक्यातली पोकळीच अरुंद झालीय; पुढं वाकलं की तिथं जागा होते. त्यांना गुडघे छातीशी घ्यायचे व्यायाम दिले. सायकल आरामात चालवतात.

घाटवाट
मी सहन करत बसलो, ते चुकलं. एक दिवस जिन्यात डाव्या पायातली चप्पल निसटली आणि मला कळलंच नाही. टाचेवर उभं राहायला गेलो तर पाऊल वर उचलेना. आठवड्यात ऑपरेशन. पायातली कळ शुद्धीवर आलो तेव्हाच गेली होती, पावलातली ताकद यायला सात महिने लागले. पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. तेल चोळत बसू नका.

कडूकिराईत
तेलवाली मीच! कटिबस्ती केली : कंबरेवर उडदाच्या पिठाचं आळं आणि त्यात कोमट तेल. त्या अर्ध्या तासात स्वर्ग, रात्री झोपही लागायची, पण कळ गेली ती चालणं वाढवल्यावर. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, गिधाडासारखी चाल होते म्हणून. आरशात बघितलं, अगदी तशीच चालत होते.

तिसराकप
मला वर्षभर सायटिका म्हणूनच शेक दिला. पण माझं दुखणं जांघेत होतं, मांडीतून गुडघ्यापर्यंत जायचं, आणि मोजे घालायला पाय वळायचाच नाही. एक्स-रे नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी पाय आत-बाहेर फिरवून पाहिला आणि एमआरआय कंबरेचा नाही, खुब्याचा काढला. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता. पूर्वी बरेच दिवस स्टिरॉइड घेतले होते, ते मला कुणी विचारलंच नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

धागाकर्ती
निरोपातून दोघींनी विचारलंय, जमिनीवर झोपू का? मी झोपले होते सतरंजीवर. सकाळी उठताच येईना, नवऱ्यानं काखेत हात घालून उभं केलं. परत गादीवर गेले, कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. आणि भांडी घासताना एक पाय पाटावर ठेवते. पाट देवघरातला होता, आता ओट्याखालीच असतो. सासूबाईंनी देवांसाठी नवा आणला.